माळ्याला वाक्य नसतं

चर्चच्या मागची बाग इतकी लहान आहे की तिला बाग म्हणायला छाती लागते. दोन चादरी वाळत घातल्या की संपली. एका कोपऱ्यात ऑलिव्हचं झाड आहे, त्याने एकतीस वर्षांत एक फळ दिलेलं नाही. शेजारी अंजीर आहे, ते फळं देतं, पण पाखरांना. एक काटेरी झुडूप आहे, त्याने आजवर तीन फादरांचे झगे फाडले. आणि एक वाफा आहे, त्यावर 'एजोब' अशी पाटी आहे. एजोब ही शास्त्रातली वनस्पती. ती कुठे मिळेना, म्हणून तिथे पुदिना लावलाय. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही, कारण चहात घालायला सगळेच तो खुडून नेतात.

मागच्या भिंतीला लागून कबर आहे. खऱ्या माणसाची नव्हे. प्रभूला जशी बागेतल्या कबरेत ठेवलं होतं तशी, दाखवण्यापुरती. मुळात ती कोळसा ठेवायची खोली. कोळसा बंद झाला, खोली रिकामी पडली, आणि कुणा जुन्या फादरांच्या डोक्यात आलं की रिकामी खोली आणि रिकामी कबर यांत तसा फरक कितीसा? मग तिच्या तोंडाशी एक गोल धोंडा बसवला. धोंडा प्लायवुडचा आहे. वरून करडा रंग, त्यावर चिकटवलेलं खरं शेवाळ, आणि खाली सरकायला दगडी खाच.

ही बाग एकतीस वर्षं सांभाळतात झारीकाका. हातात झारी नसलेले झारीकाका कोणी पाहिलेले नाहीत. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांच्या एका हातात काकूंचा हात आणि दुसऱ्या हातात झारी आहे असं लोक सांगतात. साफ खोटं. फोटोत झारी मागे, भिंतीला टेकून आहे.

काकांना आपल्या धंद्याचा जो अभिमान होता तो राजाला राज्याचा नसेल. आणि त्याला कारण होतं. दर ईस्टरला पहाटे सगळी मंडळी या बागेत जमतात. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई तो सगळा प्रसंग मोठ्याने वाचतात. मग्दालिया, प्रभूची शिष्या, कबरेपाशी येते, धोंडा बाजूला झालेला, कबर रिकामी. ती रडत बसते. मागे वळून बघते तर कोणीतरी उभं. तिला वाटतं, हा इथला माळी असणार. आणि तो असतो उठलेला प्रभू! बाई हे वाचत असताना काका एका बाजूला, लोकांकडे पाठ करून, झाडांना पाणी घालत उभे राहतात. बस, एवढंच काम. प्रभूची वाक्यंही बाईच वाचतात. ती रडते आहे ते पाहून तो तिला विचारतो, का रडतेस म्हणून, तेही बाईच वाचतात, आणि हजेरी घेतल्यासारख्या आवाजात वाचतात.

एकदा काकांनी जुन्या फादरांना भीतभीत विचारलं होतं, "फादर, ते एक वाक्य मी म्हणू का?"

"अरे, माळ्याला वाक्य कुठलं?" फादर हसून म्हणाले. "तिथे माळी असतोच कुठे? तिला फक्त वाटतं."

काका झारी भरायला निघून गेले. पण ती गोष्ट त्यांच्या मनात सलत राहिली. दर ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ते न्हाणीघरात दार लावून ते वाक्य म्हणून बघत. काकू बाहेरून विचारत, "कोणाशी बोलताय?" ते म्हणत, "साबणाशी."

आता या कथेत एक सुतार आहे, आणि तो काकूंचा सख्खा थोरला भाऊ आहे. म्हणजे पाहा. मेव्हणा, त्यात सुतार, त्यात चर्चच्या कमिटीवर. धोंडा त्याचाच. दर रविवारी जेवायला बहिणीकडे यायचा आणि ताटावर बसल्याबसल्या विषय काढायचा.

"काही म्हणा भाऊजी, प्रभू सुतार होता."

"होता," काका म्हणायचे. "पण मेव्हणे, उठल्यावर कसा दिसला? माळ्यासारखा. रंधा घेऊन नाही दिसला. धंदा बदलला त्याने."

"अहो, बागेत काय चांगलं झालंय सांगा! आदाम बागेत बिघडला. साप बागेतला. गेथशेमानेच्या बागेत तर त्याला धरूनच दिलं."

"आणि बाग लावली कोणी पहिली? देवाने. स्वतःच्या हाताने. म्हणजे जगातला पहिला माळी कोण ते बघा. मरणाच्या आदल्या रात्री प्रभूला रडावंसं वाटलं तर तो कुठे गेला? सुताराच्या दुकानात नाही गेला. झाडांत गेला. पुरला बागेत, उठला बागेत. आदामाने बागेत घालवलं ते त्याने बागेतच परत आणलं. हिशेब तिथल्या तिथे मिटला."

"नोहाचं तारू लाकडाचं होतं!"

"बुडालं असतं तर तुमचं नाव निघालं असतं."

एका रविवारी मात्र काकांचा तोल सुटला. "आणि क्रूस कोणी केला हो?" ते म्हणाले. "माळ्याने?"

सुताराने हातातला घास ताटात ठेवला आणि उठला. चार महिने बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही. काकूंनी त्या चार महिन्यांत नवऱ्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच दिवसांत शेडची गोष्ट निघाली. चर्चमध्ये साठ घडीच्या खुर्च्या होत्या आणि त्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या फादरांच्या झोपायच्या खोलीत ठेवल्या होत्या. फादर नवीन, तरुण, सोशिक. झोपेत त्यांनी कूस बदलली की चार खुर्च्या पडत. सुताराने कमिटीत सांगितलं, मागची बाग काढा, तिथे मी छान लाकडी शेड बांधून देतो. हे त्याने क्रूसाच्या रागाने सांगितलं की खुर्च्यांच्या काळजीने, देव जाणे. देवाला हे नक्की माहीत असणार, तोही एकेकाळी सुतारच होता.

कमिटीवर तीन माणसं : फादर, सुतार आणि बाई. फादर म्हणाले, "मी इथे नवखा. तुम्हा दोघांचं एकमत झालं तर शेड होईल, नाहीतर नाही. ईस्टरची प्रार्थना झाली की चहाच्या वेळी सांगा."

बाई सुताराच्या बाजूने होत्या. काकांना तेच जास्त लागलं, कारण बाईंनी त्यांना दुसरीत शिकवलं होतं. आता त्या एकोणऐंशी वर्षांच्या आणि काका अठ्ठावन्नचे, तरी बाई समोरून आल्या की काका झारी मागे लपवून ताठ उभे राहत. बाई का फिरल्या तेही त्यांना ठाऊक होतं. त्या थंडीत बाईंची थोरली बहीण गेली. दोघी बहिणी जन्मभर एकाच घरात राहिलेल्या, एकाच चष्म्याने आळीपाळीने वाचणाऱ्या. थोरलीला पांढऱ्या लिलीची फुलं फार आवडत. बाई बागेत आल्या आणि म्हणाल्या, "चार फुलं दे. तिच्याबरोबर ठेवायचीत."

काका म्हणाले, "बाई, आत्ता नाही येत. कंद झोपलेत मातीत."

"एवढी बाग तुझी, आणि वेळेला चार फुलं निघत नाहीत?" बाई म्हणाल्या. "मग तिचा उपयोग काय?"

पेटी फुलांशिवाय गेली. दुसऱ्या दिवशी काकांनी चाळीस कुंड्यांत चाळीस कंद लावले. बाईंना काही बोलले नाहीत. बोलून काय करणार? कंद लावता येतात, माफी मागता येत नाही, अशातला तो माणूस.

आता त्या चाळीस कुंड्यांवर बाग टिकायची होती. ईस्टरला बाईंच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पांढरी लिली उभी राहिली तर त्यांचं मन वळेल, असा काकांचा हिशेब. पण ईस्टर पंधरा दिवसांवर आला आणि कळ्या अजून हिरव्या मिरच्यांसारख्या, कडक. काका घाबरले. घाबरलेला माळी काय करतो? नको ते करतो. त्यांनी चाळीसच्या चाळीस कुंड्या दोन खोल्यांच्या घरात आणल्या, खिडक्या लावल्या आणि चुलीपाशी ऊब मिळेल अशा मांडल्या.

"माझ्या बाळंतपणात एवढी ऊब नाही दिलीत मला," काकू पदराने घाम पुसत म्हणाल्या. भाजी चिरायची ती दारात बसून. न्हाणीघरात आठ कुंड्या, त्यामुळे आंघोळ उभ्याने. काका रोज रात्री जेवण झालं की कुंड्यांना सांगत, "रविवारी हं. रविवारी."

फुलांना वार कळत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी एक कळी उघडली. शुक्रवारी सकाळी काका उठले तर चाळीसही कुंड्या दात विचकून उभ्या.

शुक्रवार! प्रभूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी चर्चमध्ये एक पाकळी चालत नाही. वेदीवरचं कापडसुद्धा काढून ठेवतात. आणि घरातल्या या उकाड्यात रविवारपर्यंत फुलं कडेने तपकिरी होऊन माना टाकणार.

"थंड जागा पाहिजे," काका घरभर फिरू लागले. "थंड, अंधारी, आणि कोणी न बघणारी."

"तशी एकच आहे," काकू म्हणाल्या. "पण तिथे गेलेलं माणूस परत येत नाही."

त्या थट्टेने बोलल्या. पण काकांचे डोळे चमकले. कबर! भिंती दगडी, आत गारवा. सकाळी माणसं यायच्या आधी नवराबायकोने सगळ्या कुंड्या वाहून आत नेल्या. आगपेटीत काड्या असतात तशा खेटून ठेवल्या. काकांनी भरपूर पाणी घातलं. दोन दिवसांचं एकदम, वर थोडं प्रेमाचं. मग धोंडा सरकवून लावून टाकला. दुपारी फादर आले. उत्साही माणूस, त्यांनी यंदा पहिल्यांदाच धोंड्यावर फीत लावून मेणाचा शिक्का मारला, आत न बघता. रविवारी पहाटेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं बजावलं.

"उघडेल ना वेळेवर?" काकूंनी विचारलं.

"एका बोटाने," काका म्हणाले.

रविवारी झुंजुमुंजू होताच काका बागेत हजर. मंडळी यायला अर्धा तास होता. फीत हळूच सोडवायची, कुंड्या काढून वाटेच्या कडेला मांडायच्या, फीत परत बांधायची, असा बेत. त्यांनी धोंड्याला एक बोट लावलं. मग पाच लावली. मग खांदा लावला. धोंडा ढिम्म.

कुंड्यांतून झिरपलेलं पाणी दोन दिवस खाचेत साचून राहिलं होतं, आणि सुताराचं प्लायवुड ते पिऊन पोळीसारखं फुगलं होतं. एकतीस वर्षांत झारीने पहिल्यांदाच दगा दिला. काकू साबण घेऊन आल्या, खाचेत घासला. फेस झाला. त्यांनी तेल ओतलं. काकांचा पाय घसरला. तेवढ्यात फाटक वाजलं आणि मेणबत्त्या हातात घेतलेली मंडळी आत येऊ लागली. काका झटकन झारी उचलून, पाठ करून, पुदिन्याला पाणी घालू लागले. झारी रिकामी होती.

बाईंनी पुस्तक उघडलं. पहाट झाली, मग्दालिया आली, इथवर ठीक चाललं. मग त्यांनी वाचलं की धोंडा बाजूला झालेला होता. आणि चष्म्यावरून समोर पाहिलं.

धोंडा जागच्या जागी होता.

बाईंनी चाळीस वर्षं मठ्ठ मुलं सुधारली होती. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने, शब्द तोडून वाचलं. धोंडा सुधारला नाही. मागे कोणीतरी खुदकन हसलं. फादरांनी घाईने फीत कापली, धोंड्याला हात लावला, आणि हात तेलकट झाल्यामुळे झग्याला पुसला.

सुताराला हे सहन होईना. चारचौघांत आपला धोंडा अडतो म्हणजे काय! तो पुढे आला, वाकला, खाचेत बोट घातलं, बोट हुंगलं.

"भाऊजी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "कबरेला पाणी घातलंत?"

"थोडंसं."

"का?"

"मेव्हणे, मागाहून सांगतो. आधी ढकला."

चार महिन्यांत दोघांचं एवढंच बोलणं झालं. सुताराने उजवीकडून खांदा लावला, काकांनी डावीकडून ओढलं. कट्कन आवाज झाला आणि धोंडा खाचेतून सुटला. दरवर्षी तो वीतभर सरकायचा. यंदा तेलसाबणावरून तो खरोखर गडगडला. मंडळी बाजूला झाली. धोंडा वाटेने फादरांच्या जवळून गेला, काटेरी झुडपाला घासून त्याने आपलं शेवाळ तिथे सोडलं, आणि एजोबाच्या, म्हणजे पुदिन्याच्या, वाफ्यात जाऊन नाण्यासारखा गोल गोल घुमत आडवा झाला. काका तोल जाऊन कबरेत पडले.

आधी आला वास. दोन दिवस कोंडून राहिलेला चाळीस कुंड्यांचा तो वास एकदम बागभर पसरला. सुताराला सात शिंका आल्या. मग सूर्याची पहिली तिरीप भिंतीवरून खाली उतरली आणि कबरेचं तोंड उजळलं. आत काळोख नव्हताच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र लिली, टवटवीत, एकही मान पडलेली नाही. आणि त्या फुलांतून झारीकाका उठून उभे राहिले. केसांना, मिशांना, सदऱ्याला पिवळे पराग माखलेले, हातात एक कुंडी.

"माफ करा," ते म्हणणार होते. तोंडही उघडलं होतं. पण समोर बाई उभ्या होत्या. पुस्तक मिटलेलं, चष्मा हातात, आणि त्या रडत होत्या. बाईंना रडताना गावात कोणी पाहिलं नव्हतं. बहिणीच्या मातीलाही त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.  बाग, शेड, कमिटी सगळं काका विसरले.

"बाई," त्यांनी विचारलं, "का रडताय?"

 फादरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. काकूंनी तोंडाला पदर लावला. सुताराने आठवी शिंक नाक दाबून धरली. एकट्या काकांना पत्ता नव्हता. बाई रडत होत्या म्हणून त्यांनी विचारलं होतं.

"ताईसाठी मागितली," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हजेरीचा नव्हता, "तेव्हा कुठे होती रे ही?"

"इथेच होती, बाई. मातीत. झोपली होती, मेली नव्हती. मी तेव्हाही तेच सांगत होतो. मला नीट सांगता नाही आलं."

 बाईंनी काकांच्या हातातली कुंडी घेतली, छातीशी धरली, आणि चष्मा घालून सुताराकडे वळल्या.

"शेड नको," त्या म्हणाल्या. आता आवाज हजेरीचा होता.

"नको तर नको," सुतार म्हणाला. त्याला शिंक दाबून ठेवल्यामुळे जास्त बोलता येत नव्हतं. ती बाहेर पडल्यावर त्याने विचारलं, "पण खुर्च्या? फादरांनी किती दिवस खुर्च्यांत झोपायचं?"

 हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच जागेकडे वळल्या. गार, दगडी, ऐसपैस, आणि वर्षातले तीनशे साठ दिवस रिकामी.

"छे छे!" फादर म्हणाले. "ती प्रभूची कबर आहे."

"तो तिथे नाहीये, फादर," बाई म्हणाल्या. "आत्ताच वाचलं मी."

साठही खुर्च्या दुसऱ्या दिवशी तिथे गेल्या, आणि फादर त्या रात्री सहा महिन्यांत पहिल्यांदा पालथे झोपले. सुतार नवा धोंडा करतो आहे. त्याला बिजागरी असणार आहे आणि पाणी लागणार नाही असा रंग. रविवारी तो पुन्हा जेवायला यायला लागला. नोहाचं तारू पुन्हा ताटावर आलं.

पण हे पुढचं. त्या दिवशी चहा झाला, बाई आपली कुंडी घेऊन बहिणीकडे निघाल्या, आणखी तीन कुंड्या मंडळींनी त्यांच्यामागून नेल्या. बाग रिकामी झाली तेव्हा काका पुदिन्याचा चेपलेला वाफा सरळ करत बसले होते. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही आज काय बोललात, कळलं का तुम्हाला?"

"कोणाला?"

"बाईंना. त्या रडत होत्या तेव्हा."

"विचारलं. का रडताय म्हणून. एवढ्या म्हाताऱ्या बाईला रडताना बघून..." आणि काका थांबले. खुरपं हातातून गळून पडलं. त्यांनी कबरेकडे पाहिलं, बाई उभ्या होत्या त्या जागेकडे पाहिलं, मग काकूंकडे.  शेवटी कुजबुजत, न्हाणीघरातल्यासारखं, त्यांनी विचारलं, "नीट म्हटलं का गं?"

"नीट म्हटलंत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदराचं टोक झारीत बुचकळलं. झारी कोरडी होती. मग तसंच कोरडं टोक त्यांनी काकांच्या गालावर फिरवलं. "तोंड तेवढं पिवळं होतं."